दर्ग्यासाठी धावून गेले, की धाडले गेले?

सीरियाच्या यादवीचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: ‘हे चौदाशे वर्षांचं शिया-सुन्नी वैर. दमास्कसजवळचा सय्यदा झैनबचा दर्गा धोक्यात आला, तेव्हा देशोदेशीचे शिया आपणहून शस्त्रं घेऊन धावले आणि त्यातून त्यांच्या लढाऊ संघटना उभ्या राहिल्या.’ यात दर्ग्याबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. बाकीचं टिकत नाही.

दर्ग्याला धोका होता, हे आधी मान्य करू. झैनब ही इमाम हुसैनची बहीण. ६८० साली करबलाच्या लढाईत हुसैन मारले गेल्यावर तिला कैद करून दमास्कसला नेलं. मुंबईत मोहर्रमच्या मजलिसला बसणाऱ्या कुणालाही हा प्रसंग ठाऊक असतो. ‘झैनब दुसऱ्यांदा कैद होणार नाही’ ही घोषणा म्हणूनच काळजाला भिडली. २०१२ च्या सुमारास अबू अल-फझल अल-अब्बास ब्रिगेड ही शिया लढवय्यांची तुकडी याच परिसरात उभी राहिली. २०१६ च्या सुरुवातीला आयसिसने इथे घडवलेल्या स्फोटांत शंभराहून जास्त माणसं मेली. ही भीती खोटी नव्हती.

पण लढाया झाल्या कुठे? लेबनॉनच्या हिजबुल्ला या शिया लढाऊ संघटनेची सीरियातली पहिली मोठी लढाई २०१३ च्या मे-जूनमध्ये कुसैरला झाली. कुसैर आहे होम्सजवळ, लेबनॉनच्या सीमेलगत, रसदीच्या वाटेवर. त्याच वेळी हिजबुल्लाचे प्रमुख नसरल्लांनी भाषणात सांगून टाकलं की सीरिया हा आपल्या, म्हणजे इस्रायलविरुद्धच्या, प्रतिकाराचा कणा आहे. नंतर दरआ, पालमिरा, अलेप्पो. अलेप्पो तर दमास्कसपासून तीनशे किलोमीटरहून लांब. तिथे दर्गा नव्हे, इराणच्या पाठिंब्यावर टिकलेल्या सीरियाच्या अध्यक्ष असदची सत्ता वाचवायची होती. डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाला, इराणची माणसंही निघून गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये याच दर्ग्यावरचा आयसिसचा कट उधळल्याचं जाहीर केलं ते दमास्कसच्या नव्या, सुन्नी इस्लामवादी सरकारने.

चौदाशे वर्षांचं वैर म्हणावं, तर असद ज्या पंथाचा, त्या अलवींना शिया म्हणून लेबनॉनचे शिया धर्मगुरू मूसा सद्र यांनी जाहीर मान्यता दिली ती १९७३ मध्ये. त्याआधी शतकानुशतकं बहुतेक शिया धर्मपंडित त्यांना आपल्यात धरत नव्हते. अलेप्पोत असदच्या बाजूने लढलेली लिवा अल-कुद्स ही संघटना प्रामुख्याने सुन्नी पॅलेस्टिनींची. शिवाय इराकमधल्या नजफचे ज्येष्ठ शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी बघा. जून २०१४ मध्ये इराकचं मोसूल शहर आयसिसच्या हाती पडल्यावर इराकच्या रक्षणासाठी त्यांनी फतवा काढला. सीरियात जाऊन लढण्यासाठी मात्र काढला नाही. युद्ध धर्माच्या हाकेवर चाललं असतं, तर सर्वांत मोठी हाक नजफहून आली असती.

आता ‘आपणहून’. मला सगळ्यात जास्त चीड येते ती या शब्दाची. सीरियातल्या अफगाण तुकडीचं नाव फातेमियून. त्यातले बहुतेक हजारा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या मुख्यतः शिया समाजाचे, आणि त्यातले अनेक इराणमध्ये निर्वासित म्हणून राहणारे. बांधकामावर, वीटभट्टीवर राबणारे, हातात कागदपत्र नाही, पोलीस दिसला की पोटात गोळा. २०१३ पासून रिव्होल्यूशनरी गार्ड्स या इराणच्या लष्करी दलाने यांच्यातून हजारोंची भरती केली. पगार मिळेल, राहण्याचा परवाना मिळेल, असं सांगितलं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेशी बोललेल्या काहींनी सांगितलं की नकार दिलात तर अफगाणिस्तानात परत पाठवू, अशी धमकी होती. काही जण श्रद्धेनेही गेले असतील, नक्कीच गेले. पण पोरांच्या शिक्षणासाठी, कागदासाठी बंदूक धरणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हणून मोकळं होता येत नाही. २०१७ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने इराणमधल्या दफनभूमींतल्या थडग्यांवरच्या नोंदी तपासल्या. सीरियात मेलेल्या आठ अफगाण मुलांची थडगी सापडली. एकाचं वय होतं चौदा.

ज्याला शेजारच्या देशात नीट राहताही येत नाही, त्याने दुसऱ्याच देशात जाऊन मरायचं, हे चौदाशे वर्षांपूर्वी ठरलं नव्हतं. ते भरती करणाऱ्यांनी ठरवलं. मे २०१६ मध्ये इराणच्या संसदेने मारल्या गेलेल्या परदेशी लढवय्यांच्या कुटुंबांना नागरिकत्व देण्याची तरतूद केली. म्हणजे घराला कागद मिळायला आधी घरातला माणूस जावा लागत होता. बाकीच्या अफगाणांच्या वाट्याला काय आलं? २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त अफगाण इराणमधून परतले, आणि त्यातल्या कित्येकांना बसमध्ये कोंबून सीमेवर नेऊन सोडलं होतं.