दोन तारे आणि ‘मसाला आत गेलाच नाही’ : दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. रान (मांडी), चाप (पाठीचा भाग) आणि सीना (बरगडीवरचं मांस) मिळून दीड किलो मटण नेलंत. एका स्टेकच्या व्हिडिओत बघून सगळं एकाच पातेल्यात घातलंत. त्यात अर्धी वाटी कच्च्या पपईचा गर, दही, दोन लिंबं आणि संकेश्वरी मिरचीचं वाटण घालून रात्रभर फ्रीजमध्ये मुरवलंत आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर टाकलंत. रानाचे काप वरून पीठ आणि आतून चिवट झाले, चाप कोरडे पडले, सीना तर चावलाच नाही. त्यावरून ‘म्हातारं बकरं गळ्यात मारलं’ असं लिहिलंत. शिवाय आम्ही मसाला लावून मटण का देत नाही, हेही विचारलंत.

आधी बकऱ्याचं. तुमच्याकडे चापाची हाडं उरली असतील तर एक चिरून बघा. कोवळ्या जनावराचं हाड आतून लालसर आणि सच्छिद्र असतं, म्हाताऱ्याचं पांढरंफटक आणि दगडासारखं कडक. काउंटरवर कुठल्याही दुकानात ही खूण बघून घ्यायची, विचारायला लाजायचं नाही. बकरं कोवळंच होतं. बिघडलं ते तीन वेगळ्या भागांचं मांस एकाच पातेल्यात पडल्यामुळे.

मसाला आत जात नाही ही तुमची तक्रार खरी आहे, पण तो कुणाच्याच मटणात जात नाही. हळद, मिरची, आलं-लसूण, गरम मसाला हे रात्रभर ठेवलं तरी वरच्या दोन-चार मिलिमीटरमध्येच अडकतं. आत सरकतं ते फक्त मीठ, तेही सावकाश, रात्रभरात सेंटिमीटरभर. म्हणून मुरवण्याचा उपयोग किती, हे मसाल्यापेक्षा कापाची जाडी आणि जागा ठरवते. व्हिडिओतला स्टेक बीफच्या पोटाकडच्या पातळ पट्ट्याचा असणार. त्याचे धागे लांब आणि सैल असतात, त्यामुळे मसाला फटीत बसतो. त्याच जनावराच्या रिब-आयला (बरगड्यांलगतचा मऊ भाग) किंवा फिलेला (पाठीच्या आतला मऊ भाग) जाणकार मीठ-मिरीपलीकडे काही लावत नाहीत. आपल्या बोकडालाही हाच हिशेब लागू पडतो.

चापापासून धरू. पाठीचा हा भाग जनावर फारसं वापरत नाही, म्हणून तो मुळातच मऊ. त्याला पपई नको, दही नको, लिंबू तर नकोच. आंबटामुळे वरचं मांस आधीच आवळतं आणि पाणी सोडतं, मग तव्यावर ते भाजत नाही, उकडतं. चाप दोन सेंटिमीटर जाड मागून घ्या. नेहमीचे रश्श्याचे चाप पातळ असतात, ते आतून शिजेपर्यंत बाहेरून करपतात. किलोला १० ते १२ ग्रॅम मीठ, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे. ते एक तर आदल्या रात्री लावून चाप जाळीवर उघडे फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर तव्यावर टाकण्याआधी ४० मिनिटं लावा. दहा-पंधरा मिनिटांची वेळ सगळ्यात वाईट. तोवर मिठानं पाणी ओढून वर आणलेलं असतं आणि ते परत आत जिरलेलं नसतं. शेवटी कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मिनिटं द्या. मांसाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ६३ अंश आल्यावर काढा आणि पाच मिनिटं हात लावू नका. लिंबू नंतर पिळा.

पाठीच्या आतल्या बाजूचा अंडरकटही असाच. बोकडात तो इवलासा निघतो, त्याला मसाला चोपडणं म्हणजे चांगलं मटण वाया घालवणं.

आता रान. ही चालणाऱ्या पायाची मांडी, पाच-सहा वेगवेगळे स्नायू एकमेकांना चिकटलेले. प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेनं जातात. काप उजेडात धरून तिरका केला की बारीक रेघा दिसतात. सुरी त्या रेघांच्या आडवी चालली पाहिजे. रेघेच्या दिशेनं कापलेला लांब धागा दातालाच तोडावा लागतो, तिथे पपई काही करू शकत नाही. स्नायूंच्या मधली पांढरी चिवट पापुद्र्याची शीर काढून टाका, नाहीतर तव्यावर काप वाटीसारखा आत वळतो. काप एक सेंटिमीटरचे करा आणि सुरीच्या पाठीनं दोन्ही बाजूंनी हलके ठेचून घ्या.

मुरवणाचा खरा उपयोग इथे आहे. चार-सहा तासांसाठी दही चांगलं, किलोला १५० ग्रॅम. पण चक्का घ्या, पातळ दही नको. घाई असेल तर पपई चालेल. एक किलोला एक मोठा चमचा गर, सालीसकट वाटलेला, एक तास फ्रीजमध्ये. बस. तुम्ही अर्धी वाटी रात्रभर ठेवलीत. पपईतलं द्रव्य फ्रीजमध्ये मंदावतं, थांबत नाही. आणि त्याचा खरा जोर ५० ते ७० अंशांच्या दरम्यान, म्हणजे काप तव्यावर तापायला लागतो तेव्हा असतो. वरचा थर तिथे पीठ झाला आणि जाड कापाच्या मधोमध पपई पोचलीच नाही, म्हणून आत चिवट. अननसाचा रसही तसाच तिखट गडी, त्याला अर्ध्या तासावर ठेवू नये. कलेजीला यांपैकी काहीच लावू नका, चुरा होईल.

सीना ही तव्याची वस्तूच नव्हे. बरगडीवरचं मांस, चरबी आणि पांढरे चिवट पडदे. ते पडदे ७० अंशांच्या वर, पाण्याच्या वाफेत, बराच वेळ राहिले तरच विरघळून चिकट रस होतात. आंबट लावून किंवा पपई चोपडून ते होत नाही. सीन्याला नुसतं मीठ-हळद लावा, वाटीभर पाणी घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास शिजवा. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर २० मिनिटं. मग तुमचं संकेश्वरी वाटण त्या शिजलेल्या सीन्याला चोळा आणि निखाऱ्यावर पाच मिनिटं फिरवा. मिरचीचं वाटण कच्च्या मटणाबरोबर सणसणीत तव्यावर गेलं की जळून कडू होतं, तेही तुम्हाला लागलं असेल. खांदा आणि मान याच वाटेनं जातात.

मटण आणल्याबरोबर काय करता हेही महत्त्वाचं. पहाटे कापलेलं जनावर काही तासांत ताठरतं आणि फ्रीजमध्ये साधारण दिवसभरानं पुन्हा सैल पडतं. रश्श्यात ताठरपणा खपून जातो, तव्यावर नाही. म्हणून तव्याचं मटण आदल्या दिवशी न्या आणि एक रात्र चार अंशांच्या आसपास, मसाल्याशिवाय ठेवा. ऊब असलेलं मटण थेट डीप फ्रीजरमध्ये कोंबू नका. स्नायू आखडतात आणि मग ते कशानंच सुटत नाहीत. दही-लिंबाचं मुरवण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नका, स्टील किंवा काच घ्या. ज्यात कच्चं मटण होतं तो उरलेला मसाला उकळल्याशिवाय ताटात घेऊ नका.

मसाला लावून आम्ही देत नाही आणि देणारही नाही. गिऱ्हाईक ते तासाभरात शिजवणार की उद्या संध्याकाळी, हे आम्हाला कळत नाही, आणि पपईचं घड्याळ पिशवीतही चालूच राहतं. दुसरं कारण स्पष्टच सांगतो : लाल मसाल्याखाली मटणाचा रंग दिसत नाही, वास कळत नाही. शिळं मटण खपवायला त्याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. तुम्ही रंग, हाड, चरबी बघून घ्यावं यातच तुमचंही भलं आणि आमचंही.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही, कारण मटणात खोट नव्हती. पुढच्या वेळी मात्र ‘तव्यासाठी’ की ‘रश्श्यासाठी’ एवढं सांगा. दर तोच राहील, सुरी वेगळी चालेल. रविवारी सकाळी रांगेत रानाचे आडवे काप पाडायला सवड मिळत नाही, म्हणून शुक्रवारी निरोप ठेवा, शनिवारी दुपारी चारनंतर या. रान अख्खं बाजूला काढून ठेवू आणि तुमच्यासमोर कापून देऊ.