ढकलण्याआधी फोन करा

नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू रुतलं होतं. जवळपास दोन दिवस माणसं राबली, त्याला ओढून खोल पाण्यात नेलं. ते पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि मेलं. अजूनही कोकणात असं काही घडलं की तोच वाद इथे माझ्या फोनवर येतो: वनखात्यानं उशीर केला, की बघ्यांनी घात केला?

पहिली खबर कुणी, कुणाला, किती वेळात दिली, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळं तिथेच ठरतं.

मी कॅलिफोर्नियात राहते. इथेही प्राण्याला खेटून फोटो काढणारे आहेतच. पण किनाऱ्यावर सील हा समुद्री प्राणी पडलेला दिसला तर कुणाला कळवायचं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पलीकडचा माणूस विचारतो: नेमकी जागा कुठली, प्राणी केवढा, श्वास चालू आहे का, अंगाला जाळं गुंडाळलंय का? मग बजावतो, हात लावू नका, पाण्यात ढकलू नका, कुत्री दूर ठेवा. सीलपासून निदान ४५ मीटर लांब राहायचं. सीलचं पिल्लू एकटं दिसलं तरी आई खायला गेलेली असू शकते, आणि भोवती गराडा असेल तर ती परत येत नाही.

न ढकलण्यालाही कारण आहे. डॉल्फिन किंवा देवमासा बहुधा आजारी असतो म्हणूनच किनाऱ्याला लागतो. शेपटी धरून ओढलं तर इजा होते. आणि आईपासून तुटलेलं, दुधावरचं पिल्लू पाण्यात गेलं म्हणून जगत नाही.

कायद्यात आपण मागे नाही. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२चा, आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२चाच. किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२१मध्ये आल्या. महाराष्ट्र तर जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतो. ज्याचं पोट त्या जाळ्यावर आहे त्याचं नुकसान सरकारनं आपलं मानलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण डॉल्फिन मेलेला सापडला तर तोच मच्छीमार गप्प राहण्याची शक्यता जास्त. कळवलं तर चौकशी मागे लागेल, ही भीती. ती घालवणं वनखात्याचं काम आहे. १९२६ हा वनविभागाचा नंबर प्रत्येक जेटीवर ठळक लिहा, आणि कळवणाऱ्याला आधी साक्षीदार माना, आरोपी नव्हे.

मेलेल्या प्राण्याचीही खबर द्यायलाच हवी. शेपटीवर जाळ्याचे वळ आहेत का, पोटात प्लास्टिक आहे का, हे तो कुजण्याआधीच नीट तपासता येतं. आपल्याकडे अनेकदा दुर्गंधी सुटल्यावर फोन होतो, आणि मग उरतं ते फक्त पुरायचं काम.