हरलेल्या नराने जायचं कुठे?

2025 च्या मे महिन्यात ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, छोटा मटका आणि ब्रह्मा या दोन वाघांची झुंज झाली. ब्रह्मा मेला, छोटा मटका पुढच्या पायाला जबर जखम घेऊन लंगडत फिरत राहिला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि ऑगस्टमध्ये वनखात्याने त्याला बेशुद्ध करून उपचारासाठी नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात हलवलं. मी मूळची चंद्रपूरची, राहते नैरोबीत, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. अर्धे लोक म्हणत होते उपचार करा आणि त्याला परत त्याच्याच जागेत सोडा, तो ताडोब्याची शान आहे. उरलेले म्हणत होते निसर्गात हात घालू नका, आफ्रिकेत बघा, तिथे सिंह एकमेकांना मारतात आणि कोणी इंजेक्शन घेऊन धावत नाही. मग मामेभाऊ मला टॅग करणार, ताई तू तिथे आहेस, तू सांग.

मी तेव्हा दोन ओळी लिहिल्या आणि सोडून दिलं, पण मला हे नीट सांगायचंय, कारण "आफ्रिकेत बघा" म्हणणाऱ्यांनी आफ्रिकेतलं अर्धंच बघितलंय असं मला मनापासून वाटतं.

मी केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाते ती सिंहांच्या कुटुंबांसाठी. इथे नुसतं "सिंह दिसला" म्हणून कोणी घरी जात नाही, कोणता सिंह ते विचारतात. आमचा मसाई गाइड गाडी थांबवून पहिल्यांदा कान बघतो, कुठे फाटलाय, कुठे खाच आहे, मग नाक. पिल्लाचं नाक गुलाबी असतं आणि वय वाढतं तसे त्यावर काळे ठिपके वाढत जातात, पाच-सहा वर्षांच्या सिंहाचं नाक साधारण अर्धं काळं झालेलं असतं, त्यावरून वयाचा अंदाज येतो. आणि शेवटी मिशा. मिशांच्या मुळाशी काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, त्यातल्या सगळ्यात वरच्या ओळीत मोजकेच ठिपके असतात आणि ते खालच्या ओळीतल्या ठिपक्यांच्या कुठे वर येतात हे प्रत्येक सिंहाचं वेगळं, डावीकडचं वेगळं, उजवीकडचं वेगळं, आणि जन्मापासून मरेपर्यंत तेच. म्हणून दोन्ही गालांचे फोटो काढायचे असतात. आयाळ बदलते, जखमा भरतात, मिशांचे ठिपके बदलत नाहीत. संशोधकांकडे अशा सिंहांच्या फाइली असतात, आई कोण, कळप कोणता, कोणत्या साली कुठून हाकलला गेला.

शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीत हे काम 1966 पासून चालू आहे, जॉर्ज शॅलरने सुरू केलं, पुढे 1978 पासून क्रेग पॅकर आणि अ‍ॅन प्यूझी यांनी ते कित्येक वर्षं नेलं. त्यातून जे कळलं ते थोडक्यात असं की कळप माद्यांचा असतो. आई, मावशा, मुली, आज्या त्याच जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहतात आणि नर येऊन जाऊन असतात. पोरगा दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला कळप सोडावाच लागतो, मग तो भावांबरोबर, चुलत भावांबरोबर, कधी रस्त्यात भेटलेल्या परक्या नराबरोबर भटकतो, यालाच कोअलिशन म्हणतात. एकट्या नराला कळप राखणं जवळजवळ अशक्य, दोघे असले तर जमतं, चार-पाच असले तर भरपूर काळ जमतं. नवीन टोळीने जुन्या नरांना हाकललं की आधीची लहान पिल्लं मारली जातात, कारण पिल्लं गेली की मादी लवकर माजावर येते, आणि नव्या नरांकडे वेळ कमी असतो. किती कमी, तर सरासरी दोन-तीन वर्षं. तेवढ्यात पुढची टोळी येते.

यातला जिंकण्याचा भाग लोकांना फार आवडतो आणि मला ते समजतं, मलाही आवडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड या खाजगी अभयारण्यातल्या मापोगो टोळीचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवरही फिरतात, सहा नर, 2006 च्या सुमारास आले आणि त्यांनी तो सगळा भाग ताब्यात घेतला. पण 2010 मध्ये माजिंगिलाने नावाची टोळी आली, किंकी टेल नावाच्या मापोगोला त्यांनी मारलं, आणि मग त्याचा जोडीदार पश्चिमेला, आधीच तिथे असलेल्या बाकीच्या मापोगोंकडे सरकला आणि ते तिथे आणखी जवळपास दोन वर्षं टिकले. सरकला, कारण सरकायला जागा होती. साबी सँड आणि क्रुगर नॅशनल पार्क यांच्यामधलं कुंपण 1993 मध्येच काढून टाकलं होतं, म्हणून नवे नर येऊ शकले आणि हरलेले मागे हटू शकले. ही कुंपणाची गोष्ट कोणत्याच व्हिडिओत नसते.

माराचा स्कारफेस तर जगाला माहीत आहे, उजव्या डोळ्यावर मोठी जखम असलेला, काळ्या आयाळीचा. तो, मोरानी, सिकिओ आणि हंटर, चार नरांची टोळी, त्यांना इथे मस्केटिअर्स म्हणायचे. त्यांनी कळप जिंकले, हरले, दुसरीकडे गेले, तिथे पुन्हा जिंकले. जून 2021 मध्ये स्कारफेस मेला तेव्हा चौदा वर्षांच्या आसपासचा होता, म्हातारपणाने मेला. रानातला नर सिंह बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांपलीकडे जात नाही, तेव्हा हे मोठं आयुष्य झालं. त्याच्यावर उपचारही झालेत, म्हणजे "आफ्रिकेत कोणी इंजेक्शन घेऊन धावत नाही" हे खरं नाही. इथली साधारण पद्धत अशी की जखम माणसाने केली असेल, तारेचा फास, भाला, तर डॉक्टर जातात, आणि दुसऱ्या सिंहाने केली असेल तर सहसा हात लावत नाहीत, तरी नाव झालेल्या नरांसाठी अपवाद होतात. पण स्कारफेस एवढा जगला तो मुळात औषधामुळे असं मला वाटत नाही. प्रत्येक पराभवानंतर त्याला आणि त्याच्या भावांना जायला पुढचं रान होतं, म्हणून जगला.

एक संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. रिझर्व्हची हद्द संपून कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे मसाई लोकांच्या जमिनींवर राखलेलं रान, सुरू होते तिथे एक एकटा नर झुडपाखाली पडला होता, मागच्या मांडीवर ताज्या नखांचे लांब ओरखडे, माश्या बसत होत्या आणि तो शेपटीनेही हाकलत नव्हता. लांबून दुसऱ्या नरांच्या डरकाळ्या येत होत्या, एक संपली की दुसरी. त्याने फक्त कान वळवले. गाइड म्हणाला, हा ओरडणार नाही. ज्याच्याकडे कळप आहे तोच डरकाळी फोडतो, बेघर नर गप्प राहतो, कारण आवाज आठ-आठ किलोमीटर जातो आणि आवाज दिला की पत्ता दिला. तासाभराने तो उठला आणि उत्तरेला चालायला लागला. तिकडे काय आहे म्हणून मी विचारलं, तर गाइड म्हणाला, तिकडे आमची जमीन आहे.

ही "आमची जमीन" म्हणजे मला जे सांगायचंय त्याचा गाभा. मारा रिझर्व्ह 1,510 चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी कोअर आणि बफर मिळून 1,727. म्हणजे कागदावर ताडोबा मोठा. पण माराच्या दक्षिणेला सेरेंगेटी जोडून आहे, 14 हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि उत्तरेला-पूर्वेला मसाई लोकांच्या खाजगी जमिनी एकत्र करून केलेल्या कॉन्झर्व्हन्सी आहेत, सगळ्या मिळून जवळपास रिझर्व्हएवढ्या. नाबोइशो नावाची एक आहे, तिथे पाचशेच्या वर जमीनमालकांनी मिळून 50 हजार एकरांच्या आसपास जमीन दिली, दिली म्हणजे विकली नाही, भाड्याने दिली. कॅम्पवाले दर महिन्याला भाडं देतात, पाऊस पडो न पडो, सिंह दिसो न दिसो. मालक त्या जमिनीवर कुंपण घालत नाहीत, घर बांधत नाहीत, गुरं ठरल्याप्रमाणे चारतात. एका सिंहाजवळ किती गाड्या थांबायच्या यावरही मर्यादा असते.

सगळं गोड नाही. 2020 मध्ये कोविडने पर्यटक बंद झाले तेव्हा भाड्याचे वांधे झाले आणि ज्यांची चूल त्यावर होती त्यांचे हाल झाले. कॉन्झर्व्हन्सीच्या बाहेर लोक भराभर कुंपणं घालताहेत. 2015 च्या डिसेंबरमध्ये मार्श प्राइड या नावाजलेल्या कळपाने गाई मारल्या आणि गुराख्यांनी मेलेल्या गाईवर विष टाकलं, त्यात सिंहिणी मेल्या. मे 2023 मध्ये केनियातल्याच अंबोसेलीच्या भागात आठवड्याभरात दहा सिंह मारले गेले, त्यात एकोणीस वर्षांचा लून्किटो होता. आणि मुख्य रिझर्व्हमध्ये सीझनला एका सिंहिणीभोवती गाड्यांचं जे कडं पडतं ते बघून मला लाज वाटते. उमरेड-कऱ्हांडल्याला 31 डिसेंबर 2024 ला एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी अडवलं, तेव्हा गाइड आणि ड्रायव्हर निलंबित झाले, कोर्टाने दखल घेतली, मोबाइलवर बंदी आली. इतकी कडक कारवाई इथे व्हावी असं मला फार वाटतं, आणि आपल्या लोकांनी त्याचा अभिमान बाळगावा.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण झिम्बाब्वेतलं ह्वांगे नॅशनल पार्क. 2015 मध्ये तिथला सेसिल हा प्रसिद्ध सिंह शिकाऱ्याकडून मारला गेला त्याआधी कितीतरी वर्षं ऑक्सफर्डचे संशोधक तिथे गळ्यात रेडिओ कॉलर लावून सिंह ट्रॅक करत होते. 2007 च्या त्यांच्या अभ्यासात असं निघालं की कॉलर लावलेल्या प्रौढ नरांपैकी 72 टक्के पार्कबाहेरच्या शिकारीच्या ब्लॉकमध्ये शिकाऱ्यांनी मारले. काठावरचा नर मेला की जागा रिकामी होते, मग आतला नर ती जागा घ्यायला काठावर येतो आणि तोही मरतो. म्हणजे पार्क कितीही चांगला सांभाळला तरी काठ जर मारणारा असेल तर आतलंच रान उसवत जातं.

आता हे चंद्रपूरला लावून बघा. आमच्याकडे काठावर बंदूकवाले नाहीत पण काठावर विजेच्या तारा आहेत, कालवे आहेत, कोळसा खाणी आहेत, रस्ते आहेत. नागझिऱ्याहून उमरेडला आलेला जय नावाचा वाघ 2016 मध्ये गायब झाला तो झालाच, आणि त्याचा पोरगा श्रीनिवास पुढच्याच वर्षी शेताच्या करंटच्या तारेला चिकटून मेला. टिपेश्वरचा कॉलरवाला वाघ 2019 मध्ये जागा शोधत तेलंगणातून फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला, हजारावर किलोमीटर चालला, आणि तिथे त्याला एक वाघीण नव्हती. आमचा वाघडोह नावाचा वाघ, त्याच्याही तोंडावर जखमेचा व्रण होता, ताडोब्यातली जागा तरुण नरांनी घेतल्यावर चंद्रपूरजवळच्या जंगलात येऊन राहिला आणि मे 2022 मध्ये सिनाळ्याजवळ म्हातारा होऊन मेला. स्कारफेससारखंच मरण, पण एका बाजूला खाण, एका बाजूला वस्ती.

आणि छोटा मटका-ब्रह्माची झुंज झाली त्याच मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एका दिवसात वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आमच्या ग्रुपवर त्यांच्यासाठी किती मेसेज आले आणि छोटा मटकाच्या पायासाठी किती आले हे मी बघितलंय आणि मला त्याचा राग आला, अजूनही येतो. भरपाईत महाराष्ट्र केनियाच्या पुढे आहे हे मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगते, माणूस गेला तर 25 लाख, आणि केनियात कायद्याने 50 लाख शिलिंग असले तरी लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. पण भरपाई मरणानंतरची. इथला मसाई जमीनमालक सिंहाचे पैसे जिवंतपणी घेतो, दर महिन्याला.

म्हणून छोटा मटकाला सोडायचं की ठेवायचं या प्रश्नावर माझं उत्तर असं की मोडलेल्या पायाच्या वाघाला माणसांनी भरलेल्या बफरमध्ये सोडू नये, गोरेवाड्याला नेलं ते बरोबर केलं. दक्षिण आफ्रिकेतला लंगडा सिंह पश्चिमेला सरकतो, तो लंगडा वाघ पश्चिमेला सरकला तर कोणाच्या तरी कापसात येईल. "निसर्गाला त्याचं काम करू द्या" हे म्हणण्याचा हक्क ज्यांनी निसर्गाला जागा ठेवलीय त्यांना.

मामेभावाचं म्हणणं, ताई ब्रह्मपुरीचा धानाचा शेतकरी दोन एकरांचा मालक, तो मसाईसारखं शेत मोकळं कसं सोडेल. बरोबर आहे, नाही सोडणार, आणि कोणी मागूही नये. पण घोडाझरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात नाल्याकाठच्या पडीक पट्ट्या आहेत, गावाची झुडपी जंगलं आहेत, ज्यातून वाघ आजही रात्री जातो आणि ज्याचा मालकाला एक रुपया मिळत नाही. ताडोब्याच्या गेटवर आणि रिसॉर्टमध्ये जो पैसा जमतो त्यातून या पट्ट्यांचं भाडं देता येईल, अट एवढीच की करंटची तार लावायची नाही आणि पट्टी तोडायची नाही. पेंचच्या हायवेखाली बांधलेल्या मार्गांतून वाघ जातात हे कॅमेऱ्यात दिसलंय, म्हणजे मनात आणलं तर आपल्याकडे होतं. मसाई लोकांनीही सुरुवात एका कॉन्झर्व्हन्सीपासूनच केली होती, आणि तेव्हाही गावात भांडणं झालीच असतील. चंद्रपुरात कोणी अशी एक पट्टी भाड्याने घ्यायला पुढे आलं तर पहिल्या वर्षाच्या भाड्यात माझा वाटा मी इथून पाठवायला तयार आहे, हे मी ग्रुपवर लिहिलंय आणि इथेही लिहिते.