विडी वळणाऱ्या सुनेचं नाव कार्डावर कधी येणार?

आमदार-खासदारांनी कष्टकरी बाईसाठी काय करावं, हे सोलापुरात विचारायचं तर सुरुवात विडीपासूनच करावी लागते.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. घरी विड्या वळणारीलाही हा हक्क आहे. अट एवढीच, की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं हवं. घोडं पेंड खातं ते इथेच. कारखान्याचं कामगार-कार्ड सासूच्या नावावर. पान भिजवायचं, कातरायचं, विड्या वळायच्या सुनेनं, आणि कारखान्यात माल जमा होतो सासूच्या नावाने. सुनेचे ८० दिवस कुठेच लिहिलेले नाहीत. रजा गेली, पीएफही गेला.

नाव असलं तरी पैसे ठरतात रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावर. मजुरी हजार विड्यांमागे. सातव्या-आठव्या महिन्यात बाईचा हात मंदावतो, तशी सरासरी घसरते. नगावर मजुरी घेणाऱ्या बायकांची सरासरी वर्षभराची धरा, ही दुरुस्ती खासदारांनी संसदेत मागायलाच हवी.

आमदारांकडे तारांकित प्रश्न आहे, म्हणजे सभागृहात मंत्र्यांकडून तोंडी उत्तर मागायचा हक्क. पण तो मोघम विचारला की 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही' असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. म्हणून आकडे मागा. जिल्ह्यात घरी विड्या वळणाऱ्या किती जणींची नोंद आहे? गेल्या वर्षी किती जणींना प्रसूती लाभ मिळाला? किती कारखाने तपासले? मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला, तर विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करा.

लोकप्रतिनिधी हात धुऊन मागे लागला की काय होतं, ते सोलापूरजवळच्या कुंभारीत दिसतं. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी कामगारांच्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षं सोडला नाही. १९ जानेवारी २०२४ ला रे नगरच्या १५,००० घरांच्या चाव्या कामगारांच्या हातात पडल्या.

आता पाळणाघरं. कायद्याने ती ५० किंवा जास्त कामगार असतील तिथेच सक्तीची, त्यामुळे पंधरा-वीस मशीनच्या गारमेंट युनिटमधल्या बायकांना त्याचा काडीचा उपयोग नाही. अशा वस्त्यांत अंगणवाडीला जोडून संध्याकाळपर्यंत चालणारं पाळणाघर हवं. खोली आमदार निधीतून होते, सेविकेचं मानधन होत नाही. ते केंद्राच्या पाळणा योजनेतून आधी मंजूर करून घ्या आणि मगच नारळ फोडा, नाहीतर नव्या खोलीला कुलूपच राहतं.