ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन : अमोलजींच्या कॉमेंटला उत्तर

अमोलजी, उत्तराला उशीर झाला, आकडे परत एकदा नीट बघायचे होते. तुमचं म्हणणं असं की मी माझ्या पोस्टमध्ये उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोपासून त्याच्याही उत्तरेला नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येनपर्यंतचं विमानाचं अंतर "बाराशे किमी तरी असेल" लिहिलं ते चूक, आणि ९६० किमीला ८३० चा स्पीड धरला तर १ तास १० मिनिटं होतात, मग मी १ तास ४० मिनिटं लिहून लोकांना उगाच घाबरवतोय.

अंतराचं तुमचं शंभर टक्के बरोबर, पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. मी नकाशावर नजरेने अंदाज लावला आणि तिथेच फसलो, कारण आपण मोबाईलवर बघतो तो नकाशा उत्तरेकडे जाल तसा ताणला जातो, ७४ अंशांवर साडेतीन पट. त्या नकाशावर हे अंतर श्रीनगर-कन्याकुमारीपेक्षा लांब दिसतं! खरं अंतर त्याच्या एक तृतीयांश.

वेळेचं मात्र मला पटत नाही. अंतर आणि वेळ सांगणारी वेबसाइट नुसता भागाकार करून देते, म्हणजे विमान जणू गेटवरूनच ८३० च्या स्पीडने सुटतं. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, त्यात टॅक्सी म्हणजे विमानाचं जमिनीवरून हळूहळू धावपट्टीपर्यंत जाणं आलं, वर चढणं आलं, खाली उतरताना स्पीड कमी करणं आलं. मुंबई-दिल्ली साडेअकराशे किमी, तुमच्या हिशोबाने १ तास २३ मिनिटं, पण तिकिटावर दोन तासांच्या वरच असतात ना? तेच इथे, त्यात थंडीची भर. आम्ही मार्चमध्ये गेलो तेव्हा ट्रॉम्सोला सगळे विमानात बसल्यावर पंखांवरचा बर्फ काढणारी गाडी आली, माणसाने वरच्या पाळण्यातून पंखांवर आधी गरम फवारा मारला, मग हिरवा चिकट द्रव, खिडकीच्या काचेवरून त्याचे ओघळ येत होते, यातच वीसेक मिनिटं गेली. हे केल्याशिवाय बर्फात उडायचंच नाही, आणि ते बरोबरच आहे.

आणि येताना काय झालं तेही सांगतो, पोस्टमध्ये राहिलं होतं. लाँगयिअरब्येनला धुकं, आम्हाला न्यायला ट्रॉम्सोहून आलेलं विमान वर घिरट्या घालून ट्रॉम्सोला परत गेलं. तिथे जवळपास दुसरा मोठा एअरपोर्टच नाही, मध्ये नुसता समुद्र आणि एक बेअर आयलंड, त्यामुळे उतरता आलं नाही तर माघारी फिरणं हाच मार्ग. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. आमच्यासोबतच्या एका जोडप्याचं ओस्लोहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर होतं, ते गेलं ते गेलंच, काकू काउंटरसमोर रडत होत्या, ते मला अजून आठवतं.

तुम्ही जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन जाताय असं लिहिलंय म्हणून कळकळीने सांगतो, १ तास १० मिनिटं धरून त्याच दिवशीचं पुढचं विमान बुक करू नका, मध्ये एक रात्र ठेवा. आणि व्हिसा डबल एंट्रीचाच मागा, स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या) बाहेर आहे, तिथून परत नॉर्वेच्या मुख्य भूमीवर उतरलात की ती दुसरी एंट्री धरतात.