‘एमओएचएम’ म्हणजे मिलिओहम नव्हे!

‘इलेक्ट्रॉनिक लोडचा रेझिस्टन्स रिमोट कमांडने सेट करायचे चार सोपे नियम’ हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरत शेवटी माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिचे दोन दिवस वाया गेले. (इलेक्ट्रॉनिक लोड म्हणजे बॅटरी वगैरे तपासताना तिच्यातून हवा तेवढा करंट ओढणारं उपकरण; त्याला कॉम्प्युटरवरून कमांड पाठवता येतात.) मेसेजचं म्हणणं असं: मिलिओहम हवे असतील तर आकड्यानंतर ‘एमओएचएम’ (MOHM) लावा, मोड वेगळा सांगायची गरज नाही, रेंज कायम सगळ्यात मोठी ठेवा, आणि सीआर मोडमधला (ठरवून दिलेल्या रेझिस्टन्ससारखा वागणारा) लोड म्हणजे साधा रेझिस्टरच.

घात केला तो पहिल्याच नियमाने. भाची जुने लिथियम सेल तपासत होती. लोड ०.८ ओहमचा हवा होता, म्हणजे ४ व्होल्टला ५ अँपिअर. तिने ‘आरईएस ८००एमओएचएम’ (आरईएस, म्हणजे RES, ही रेझिस्टन्स ठरवायची कमांड) पाठवलं, इनपुट ऑन केलं, आणि व्होल्टेज ४.०० वरून ढिम्म हललं नाही. जुन्या सेलचं व्होल्टेज लोड लावल्यावर खाली यायला हवं. फोनवर म्हणाली, “मामा, सेल अगदी नव्यासारखे आहेत.” म्हटलं, आधी करंट किती वाहतोय ते लोडला विचार. उत्तर आलं ०.००४. चार मिलिअँपिअर! मग एररची रांग, म्हणजे लोडने नोंदवून ठेवलेल्या चुकांची यादी, वाचायला लावली. तिथे होता एरर क्रमांक उणे २२२, ‘डेटा आउट ऑफ रेंज’, म्हणजे आकडा मर्यादेबाहेरचा.

याचं कारण १९८७ च्या आयईईई ४८८.२ या मानकात आहे. १९९० साली आलेली एससीपीआय ही कमांडची भाषा त्यावरच उभी आहे. त्यात ‘एम’ म्हणजे मिली हे खरं, ‘एमव्ही’ म्हणजे मिलिव्होल्टच. पण दोन ठिकाणी अपवाद केलाय: ‘एमएचझेड’ म्हणजे मेगाहर्ट्झ आणि ‘एमओएचएम’ म्हणजे मेगाओहम. म्हणजे भाचीने लोडकडे ऐंशी कोटी ओहम मागितले होते. लोडने ते नाकारलं आणि रीसेटनंतरचे हजार ओहम तसेच ठेवले. आधीची सेटिंग ०.१ ओहमची असती, तर त्याच सेलमधून वीसेक अँपिअर ओढले गेले असते. ते कुणाच्या हातात घडलं असतं, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलाय का?

नुसतं ‘आरईएस ०.८’ लिहा. एकक दिलं नाही तर ओहमच धरतात. भाचीने तसं केल्यावर व्होल्टेज ३.६० वर आलं, करंट ४.५ अँपिअर. सेल नवे वगैरे काही नव्हते.

मोडचं म्हणाल, तर बऱ्याच लोडमध्ये ‘आरईएस’ने आकडा नुसता साठवला जातो. लोड सीसी मोडमध्ये (ठरलेला करंट ओढायच्या मोडमध्ये) असेल तर तो सीसीमध्येच राहतो. ‘मोड आरईएस’ आधी पाठवा, तेही इनपुट बंद ठेवून.

मोठी रेंज म्हणजे सुरक्षित, हीसुद्धा चुकीची समजूत. एचपीच्या ६०६०बी मध्ये सगळ्यात मोठी रेंज १० ते १०,००० ओहमची आहे. त्या रेंजमध्ये ०.८ ओहम बसणार कसे?

चौथ्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करतो. व्होल्टेज हळूहळू बदलत असेल तर करंटही त्याच प्रमाणात बदलतो, रेझिस्टरसारखाच. पण आत रेझिस्टर नसतो. लोड व्होल्टेज मोजतो, त्याला ओहमने भागतो आणि तेवढाच करंट मॉसफेटमधून (करंट कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून) जाऊ देतो. या चक्राला वेळ लागतो, त्यामुळे झटकन होणाऱ्या बदलामागे तो धावू शकत नाही. शिवाय रेझिस्टर उलटा जोडला तर काही बिघडत नाही. डीसी लोड उलटा जोडला की मॉसफेटमधल्या डायोडमधून करंट वाहायला लागतो आणि तिथे तुमच्या सेटिंगचं काही चालत नाही.

हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी निदान पहिला नियम खोडून तो त्याच ग्रुपांवर पुन्हा टाकावा. आणि त्या जागी एवढंच लिहावं: सेटिंग पाठवल्यावर ‘आरईएस?’ विचारून आकडा परत वाचा, एररची रांग रिकामी आहे का बघा, मगच इनपुट ऑन करा.