विमान वळवलं म्हणजे इंधन संपलं होतं? खुलासा

‘पुण्याचं विमान मुंबईला वळवलं, कारण इंधन संपत आलं होतं, पर्यायी विमानतळ वैमानिकाने ऐनवेळी शोधला’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे आणि विनाकारण घाबरवणारा आहे.

पर्यायी विमानतळ उड्डाणाआधीच फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलेला असतो. इंधनाचा हिशोब असा: टॅक्सीचं (म्हणजे विमान जमिनीवर चालवत धावपट्टीपर्यंत नेण्याचं), पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतच्या प्रवासाचं, त्यावर साधारण 5 टक्के जादा, तिथे उतरता न आल्यास पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी जेटसाठी 1500 फुटांवर 30 मिनिटं घिरट्या घालण्याइतकं राखीव. या राखीव इंधनाला हात लागणार असं गणित दिसलं, की ‘मेडे फ्यूएल’ (इंधनाची आणीबाणी) जाहीर करावंच लागतं. म्हणजे वेळेत वळणं हा ठरलेला बेत पाळणं आहे.

पण ‘पर्याय प्रत्येक उड्डाणाला सक्तीचाच’ हेही अर्धसत्य. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, पोहोचण्याच्या वेळेच्या आसपास हवामान स्वच्छ राहील याची वाजवी खात्री असेल आणि एक धावपट्टी बंद पडली तरी दुसरी वापरता येत असेल, तर सूट मिळू शकते. तेव्हा गंतव्यावर 15 मिनिटांचं ज्यादा इंधन लागतं.

हिवाळ्यातल्या पहाटेच्या धुक्यात मात्र निघतानाही पर्याय लागू शकतो: उड्डाण शक्य, पण लगेच परत उतरण्याइतकं दिसत नसेल, तर दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर तासाभरात गाठता येईल असा विमानतळ हवा.